टी-शर्टवर छापायचंय, टॉवेलवर भरायचंय: फाइल कशी द्यायची?

छपाई आणि एम्ब्रॉयडरीच्या फाइलींबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर मेसेज इतके आले की सगळ्यांना एका अंकात उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि ज्यांचा माल सणाच्या आधी निघायचाय त्यांना पुढं घेतलंय. जवळजवळ सगळ्या प्रश्नांत एक गोष्ट दिसली ती आधीच सांगते. लोक फाइल आधी बनवतात आणि कापड कुठलं, माप किती, छापायचं का भरायचं हे दुकानात गेल्यावर ठरवतात. हे उलटं करा. आधी कापड, मग माप, मग पद्धत, आणि या तिन्ही गोष्टी कागदावर लिहून झाल्या की मगच कॉम्प्युटर उघडा, कारण टॉवेलला चालणारी फाइल टी-शर्टला चालत नाही आणि फ्लेक्सला चालणारी तर दोन्हीला चालत नाही.

प्रश्न: ताई, आमच्या मंडळाची लेझीम टीम आहे, साठ काळे टी-शर्ट करायचेत, छातीवर छोटा लोगो आणि पाठीवर मोठा, भगवा आणि पांढरा. ग्रुपच्या डीपीवरून लोगो काढून दिला तर प्रिंटवाले म्हणतात फाटतंय, कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) फाइल आणा. मोबाइलवर तर एकदम क्लिअर दिसतंय, मग अडचण काय? (मंडळाचा कार्यकर्ता, बाळीवेस)

दादा, मोबाइलवर क्लिअर दिसतं कारण तिथं तो लोगो दोन इंचाचा असतो. पाठीवर तुम्हाला १२ इंच पाहिजे. छपाईसाठी साधा हिशोब असा की जेवढे इंच छापायचं त्याला ३०० नं गुणायचं, म्हणजे १२ इंचाला ३६०० पिक्सल रुंदी लागते, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी असतो साधारण ६४० पिक्सलचा. म्हणजे इंचाला पन्नासच्या आसपास पिक्सल आले, कडा फाटणारच. ग्रुपवर साध्या क्वालिटीत फोटो म्हणून पाठवलेलं चित्रसुद्धा दाबून साधारण १६०० पिक्सलवर येतं, ते ५ इंचापर्यंत ठीक, पुढं नाही. आणि कुठल्या अ‍ॅपमध्ये ७२ डीपीआयचं (डीपीआय म्हणजे इंचातले ठिपके) ३०० करून मिळतं म्हणून तसं करून आणू नका, त्यात नुसता आकडा बदलतो किंवा मधले पिक्सल अंदाजानं भरले जातात, हरवलेली कड परत येत नाही.

पण तुमच्याकडं एवढंच आहे असं वाटत असलं तरी बहुतेक तसं नसतं. मंडळाची वर्गणीची पावती पुस्तकं कुठं छापली? अहवाल, फ्लेक्स, गणपतीचं निमंत्रण? त्यातल्या कुणाकडं तरी लोगोची व्हेक्टर फाइल पडलेली असते, सीडीआर (कोरलची), एआय (इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरची), नाहीतर पीडीएफ. जाऊन मागा. व्हेक्टर म्हणजे चित्र पिक्सलमध्ये नसून रेषांच्या रूपात साठवलेलं, त्यामुळं ते छातीवर साडेतीन इंच करा नाहीतर पाठीवर १२ इंच, कड तशीच राहते. ती नवीन व्हर्जनची कोरल फाइल असेल तर जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून घ्या, आपल्याकडं बऱ्याच प्रेसमध्ये जुनंच कोरल चालू आहे आणि नवीन फाइल त्यात उघडत नाही, सोबत पीडीएफ पण घ्या. अगदीच कुठं सापडली नाही तर सगळ्यात मोठा छापलेला लोगो शोधा, समोरून सरळ फोटो काढा, आणि चांगल्या आर्टिस्टकडून हातानं परत काढून घ्या. ऑटो ट्रेसवर, म्हणजे सॉफ्टवेअरनं आपोआप रेषा काढण्यावर, भागवू नका, त्यात गोल कडा खडबडीत होतात आणि देवनागरी अक्षरांची पार वाट लागते.

दोन रंग आणि साठ नग म्हटल्यावर स्क्रीन प्रिंटच घ्या. प्रत्येक रंगाची स्क्रीन, म्हणजे शाई गाळायची जाळी, वेगळी बनते म्हणून फाइलमध्येही दोनच रंग ठेवा, शेडिंग नको, भगव्याच्या तीन छटा नकोत. टी-शर्ट काळा आहे तर भगव्याच्या खाली पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो, नाहीतर भगवा विटकरी दिसतो, त्यामुळं दुकानदार दोनऐवजी तीन स्क्रीन म्हणाला तर तो जास्तीचे लावतोय असं समजू नका. भगवा कुठला हेही मोबाइलवर बघून ठरवू नका. मोबाइलच्या काचेतून उजेड येतो, कापडातून येत नाही, त्यामुळं तो झळझळीत केशरी शाईत तसाच्या तसा उतरत नाही. दुकानातल्या शेड कार्डवर बोट ठेवा आणि तो नंबर बिलावर लिहून घ्या. अजून एक, पाठीची स्क्रीन एकदा बनली की सगळ्या मापाच्या शर्टांना तीच वापरतात, म्हणून टीममधल्या सगळ्यात लहान पोराच्या शर्टवर १२ इंच बसतंय का ते टेपनं मोजून बघा.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायची असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पीएनजी फोटो म्हणून गेली की मागचा पारदर्शक भागही जातो.

प्रश्न: शाळेच्या निरोप समारंभासाठी टी-शर्टवर मुलांची नावं आणि एक ओळ छापायची होती. माझ्या लॅपटॉपवर बरोबर दिसत होतं, दुकानात फाइल उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. परत टाइप केलं तर रफार पुढच्या अक्षरावर गेला, पहिली वेलांटी सुटून उभी राहिली. मराठी छापायचं म्हणजे एवढं अवघड का? (शिक्षिका, जुळे सोलापूर)

बाई, या प्रश्नावर मी थोडं जास्त लिहिणार आहे कारण मला स्वतःला याचं फार वाटतं. मुलाचं नाव त्याच्या शर्टवर चुकीचं छापलं गेलं की तो शर्ट तो आयुष्यभर तसाच जपून ठेवतो, चुकीच्या नावासकट.

इंग्रजी अक्षरं आली म्हणजे तुम्ही श्री-लिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलंय. त्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजीचेच कोड असतात, वरून फक्त आकार मराठी दिसतो, आणि समोरच्या कॉम्प्युटरवर तोच फॉन्ट नसेल तर आतलं इंग्रजी उघडं पडतं. दुसऱ्यांदा जे झालं ते युनिकोडचं, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे कोड असलेल्या नव्या पद्धतीचं. युनिकोडमध्ये जोडाक्षर, रफार, वेलांटी जागेवर बसवायचं काम सॉफ्टवेअर करतं, आणि कोरलच्या जुन्या व्हर्जनला ते नीट जमत नाही. इलस्ट्रेटर, फोटोशॉपमध्ये जमतं पण बऱ्याच व्हर्जनमध्ये आपोआप नाही, टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिपी जोडणारा पर्याय (साउथ एशियन किंवा वर्ल्ड-रेडी) चालू करावा लागतो, ते केलं नाही की 'विद्यार्थी'चे तुकडे होतात.

उपाय दोन्हीला एकच. तुमच्या कॉम्प्युटरवर अक्षरं बरोबर दिसताहेत तोवरच त्यांचे आकार करून टाका. कोरलमध्ये कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज, म्हणजे कंट्रोल क्यू, इलस्ट्रेटरमध्ये क्रिएट आउटलाइन्स, म्हणजे कंट्रोल शिफ्ट ओ. मग ते अक्षर राहत नाही, चित्र होतं, कुठल्याही मशीनवर उघडा फॉन्ट लागत नाही. पण एकदा कर्व्ह केलं की स्पेलिंग दुरुस्त करता येत नाही म्हणून कर्व्ह न केलेली एक कॉपी बाजूला ठेवा आणि हजेरीपटावरून नावं ताडून झाल्याशिवाय कर्व्ह करू नका. नावं व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली असतील तर जास्तच बघा, पोरं घाईत ऱ्हस्व-दीर्घ कसंही टाकतात.

आता एक गोष्ट जी दुकानातले बरेच लोकही विसरतात. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. कर्व्ह केल्यावर ते चढलेले तुकडे तसेच राहतात आणि तुम्ही अक्षराला बाहेरून पांढरी आउटलाइन दिली की शिरोरेषेवर प्रत्येक जोडाला आडव्या-उभ्या रेघा उमटतात. विनाइल कटिंग (प्लास्टिकच्या शीटमधून अक्षरं कापून चिकटवणं) असेल तर अजून वाईट, ब्लेड त्या जोडावरही कापतं आणि नाव लावताना तुकडे सुटे होतात. म्हणून कर्व्ह झाल्यावर वेल्ड करायचं, म्हणजे एकमेकांवर चढलेले तुकडे जोडून एकच आकार करायचा, इलस्ट्रेटरमध्ये युनाइट. कोरलमध्ये वेल्डच्या जागी कंबाइन दाबलं तर जिथं जिथं अक्षरं एकमेकांवर आहेत तिथं भोकं पडतात, तर बटण बघून दाबा.

फॉन्ट निवडताना ल आणि श कडं बघा. बऱ्याच फॉन्टमध्ये ही दोन अक्षरं हिंदी वळणाची येतात आणि आपल्याला पाकळीचा ल, देठाचा श वाचायची सवय. सोलापूर लिहिलं तरी त्यात ल आहेच. दुकानदाराला हा फरक किरकोळ वाटतो, मला वाटत नाही, शाळेच्या शर्टवर तर अजिबात नाही. आणि शेवटी प्रूफ कागदावर घ्या, खऱ्या मापात, आणि ते स्वतः न वाचता वर्गातल्या एखाद्या पोरीला मोठ्यानं वाचायला द्या. टाइप करणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, नाव ज्याचं आहे त्याला लगेच दिसते.

प्रश्न: कबड्डीच्या जर्सीसारखं रंगीत प्रिंट आम्हाला कॉटनच्या टी-शर्टवर पाहिजे, धुतल्यावर जाईल का? (कॉलेज विद्यार्थी, होटगी रोड)

जाईल. जर्सीवर असतं ते सब्लिमेशन, त्यात शाईची वाफ होऊन २०० डिग्रीच्या आसपास पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. कॉटनमध्ये ती धरत नाही. आणि सब्लिमेशनमध्ये पांढरी शाई नसते म्हणून पॉलिएस्टर असलं तरी पांढरं किंवा फिकंच पाहिजे. कॉटनलाच रंगीत पाहिजे असेल तर डीटीएफ घ्या, म्हणजे फिल्मवर छापून गरम दाबानं कापडावर चिकटवायचं प्रिंट, खाली त्यावर एक प्रश्न आहे तो वाचा.

प्रश्न: मी घरून टॉवेलवर नावं भरून देते, लग्नाच्या आहेरासाठी ऑर्डर येतात. सिंगल हेड मशीन घेतलंय. टॉवेल आपल्या सोलापूरचेच, चांगले जाड. पण इंग्रजी अक्षर ठीक येतं आणि मराठी नाव दोन धुण्यात गायब झाल्यासारखं दिसतं, टॉवेलचे फासे वर येतात. डिझाइन मी ऑनलाइन फॉन्टवरून करते. (गृहउद्योग, विजापूर रोड)

ताई, तुमचं मशीन बरोबर आहे, टॉवेलही बरोबर आहे, आणि सोलापूरच्या टेरी टॉवेलचा जाडपणा हा तर त्याचा गुण, भौगोलिक मानांकन मिळालेला माल आहे तो. फक्त तुमची फाइल सपाट कापडासाठी बनलेली आहे. टेरीवर कापडाच्या वर फासे उभे असतात, त्यावर बारीक टाके घातले की गवतात दोरी टाकावी तसे ते खाली बुडतात. सुरुवातीला धागा ताठ असतो म्हणून दिसतं, धुतल्यावर फासे फुलतात आणि नाव झाकलं जातं.

सगळ्यात आधी वरून टॉपिंग लावा. पाण्यात विरघळणारी पारदर्शक फिल्म मिळते, ती टॉवेलवर ठेवून त्यावरून भरायचं, झाल्यावर फाडायची आणि राहिलेली ओल्या फडक्यानं जाते. ती फासे दाबून धरते. पण टॉपिंग धुण्यात निघून जातं, कायमचा उपाय फाइलमध्येच करावा लागतो. अक्षराच्या खाली, अक्षरापेक्षा दोन-तीन मिलिमीटर बाहेरपर्यंत, टॉवेलच्याच रंगाच्या धाग्यानं विरळ जाळी भरून घ्यायची, पंचिंगवाले, म्हणजे भरतकामाची फाइल बनवणारे, याला नॉकडाउन म्हणतात. ती जाळी फासे कायमचे झोपवते आणि अक्षर तिच्यावर बसतं. टाके वाढतात, वेळ वाढतो, तर तेवढा दर लावा, गिऱ्हाइकाला एक धुतलेला नमुना दाखवला की ते दर देतात.

आता मराठीचं. इंग्रजी मोठ्या लिपीत प्रत्येक अक्षर एका उंचीचं असतं. आपल्याकडं शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, म्हणजे एक इंच उंचीत नाव बसवा म्हटलं की मुख्य अक्षराला अर्धा-पाऊण इंचच मिळतो, आणि मात्रेची रेघ होते एक मिलिमीटरची. सॅटिन टाका (रेघेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारा) एक मिलिमीटरच्या खाली गेला की सपाट कापडावरसुद्धा नीट दिसत नाही, टेरीवर तर विषयच नाही. मी तरी टॉवेलसाठी मात्रा सोडून अक्षराची उंची १५ मिलिमीटरच्या खाली घेऊ नका म्हणेन आणि सगळ्यात बारीक रेघ दोन मिलिमीटरची ठेवा. म्हणून फॉन्ट जाड आणि एकसारख्या रेघेचा घ्या, बालू नावाच्या फॉन्टसारखा. जाड-बारीक वळणाचे सुलेखन फॉन्ट पत्रिकेवर सुंदर दिसतात पण टॉवेलवर त्यांची बारीक बाजू जाते. अनुस्वाराचा टिंब आहे तेवढाच न ठेवता थोडा मोठा करा, टाके त्याला ओढून लहान करतातच. आणि शिरोरेषा प्रत्येक अक्षराची वेगळी न भरता शेवटी एकसलग भरायची, म्हणजे नाव एकजीव दिसतं आणि दोरे कापायचं कामही कमी होतं. ऑनलाइन फॉन्टमधून अक्षर टाकल्यावर हे आपोआप होत नाही, क्रम स्वतः लावावा लागतो.

गिऱ्हाइकाला लहानच नाव पाहिजे असेल तर टॉवेलच्या टोकाला जी सपाट विणलेली पट्टी असते तिच्यावर भरा, तिथं फासे नसतात. पण त्या पट्टीची रुंदी आधी मोजा, मात्रा आणि उकारासकट नाव तिच्यात बसलं पाहिजे.

धागा पॉलिएस्टरचा वापरा. टॉवेल गरम पाण्यात, ब्लीचमध्ये जातात आणि रेयॉन तिथं टिकत नाही. फ्रेम फार आवळू नका, जाड टॉवेलवर तिचा वळ राहतो, चिकट बॅकिंगवर (कापडाच्या मागं लावायचा आधाराचा थर) टॉवेल ठेवून भरलं तर तो प्रश्न येत नाही.

प्रश्न: आमचं युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे. शाळेचा बोधचिन्हाचा जेपीजी सॉफ्टवेअरमध्ये टाकून डीएसटी केला, मशीननं भरलं पण ब्रीदवाक्य नुसता गोळा. मग तीच डीएसटी मशीनवर मोठी केली तर मधून कापड दिसायला लागलं. पंचिंगवाला हजार टाक्यांचा दर सांगतो तो कसा समजायचा? (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

डीएसटी ही चित्राची फाइल नाही हे पक्कं डोक्यात घ्या. त्यात फक्त सुईनं कुठून कुठं जायचं, कुठं दोरा कापायचा, कुठं थांबून रंग बदलायचा एवढंच असतं. रंग कुठला हेसुद्धा नसतं, म्हणून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की तुमचं निळं बोधचिन्ह हिरवं-गुलाबी दिसतं. घाबरायचं नाही, रंगांचा क्रम आणि धाग्याचे नंबर वेगळ्या कागदावर द्यायचे. आणि टाके आधीच ठरलेले असल्यामुळं ती मोठी केली की बऱ्याच मशीनवर टाके तेवढेच राहतात, अंतर वाढतं, तुम्हाला कापड दिसलं ते त्यामुळंच. लहान केली तर उलटं, टाके दाटतात, सुया तुटतात. दहा टक्क्यांपर्यंत ठीक, त्यापुढं पंचिंगवाल्याकडून मूळ फाइलमध्ये, म्हणजे विल्कॉमचं काम असेल तर ईएमबीमध्ये, मापानुसार परत करून घ्या. बारावीच्या पोराच्या शर्टला आणि पहिलीच्या पोराच्या शर्टला एकच डीएसटी लावायची नाही.

ऑटोवर जेपीजी टाकून होत नाही याचं कारण सॉफ्टवेअरला फक्त रंगाचे डाग दिसतात. कापड ताणतं, टाका ज्या दिशेनं पडतो त्या दिशेनं कापड आत ओढलं जातं, त्यामुळं गोल काढलेला गोल अंडाकृती होतो आणि किनार आणि भराव यांच्यात फट पडते. चांगला पंचिंगवाला ते ओळखून आकार थोडा जास्त धरतो, आधी खालून पाया भरतो, मधून बाहेर जात जातो. त्याला फाइल देताना जेपीजीपेक्षा व्हेक्टर द्या, आणि सोबत तीन गोष्टी लिहा: मिलिमीटरमध्ये रुंदी, कापड कुठलं, आणि खिशावर का छातीवर. टी-शर्टचं होजिअरीचं ताणणारं कापड आणि शर्टचं टेरीकॉट यांना एकच पंचिंग चालत नाही. टी-शर्टला मागून कट-अवे, म्हणजे कडेनं कापून बाकीचं तसंच ठेवायचं बॅकिंग लागतं, शर्टाला फाडून काढायचं चालतं.

ब्रीदवाक्याचं सांगते. तीन इंचाच्या गोलात काठानं संस्कृत वाक्य, आत ग्रंथ, दिवा, कमळ, स्थापना वर्ष, हे सगळं कागदावरच्या बोधचिन्हात असतं, धाग्यात ते बसत नाही. साधारण ४० नंबरच्या धाग्यानं टाक्यांत ०.४ मिलिमीटर अंतर ठेवतात, त्या मापात चार मिलिमीटरचं देवनागरी जोडाक्षर कसं उमटणार? शाळेशी बोला आणि शर्टसाठी बोधचिन्हाचं सोपं रूप मंजूर करून घ्या, वाक्य काढून फक्त शाळेचं नाव मोठं. मुख्याध्यापकांना एका बाजूला गोळा झालेला नमुना आणि दुसऱ्या बाजूला सोपा नमुना दाखवा, बहुतेक लगेच हो म्हणतात. वाक्य पाहिजेच असलं तर विणलेलं लेबल करून शिवा, त्यात धागा बारीक असल्यामुळं अक्षर चांगलं येतं.

दर असा समजा. पूर्ण भराव असलेल्या एका चौरस इंचाला ढोबळ दीड ते दोन हजार टाके पडतात. तीन इंच व्यासाचा गोल साधारण सात चौरस इंचाचा होतो, म्हणजे पूर्ण भरला तर १० ते १४ हजार टाके. मिनिटाला ७०० टाके धरले तर १२ हजारांना १७ मिनिटं, दोरा बदलायचा वेळ सोडून. म्हणूनच पांढऱ्या शर्टवर पांढरी पार्श्वभूमी भरून घेऊ नका, कापडाचाच रंग मोकळा ठेवा, टाके आणि पैसे दोन्ही वाचतात आणि खिसा कडकही होत नाही. ऑर्डर देण्याआधी टाक्यांचा आकडा लेखी मागा.

प्रश्न: एआयवर वाघाचं चित्र बनवलंय, मागं काळं, भोवती आगीचा ग्लो. डीटीएफ केलं तर काळ्या टी-शर्टवर चौकोन दिसतोय आणि ग्लोच्या जागी पांढरट कड आली. (एक वाचक, अशोक चौक)

डीटीएफमध्ये रंगाच्या मागं पांढरी शाई आणि गोंदाची पावडर असते. अर्धवट पारदर्शक पिक्सल मशीनला झेपत नाहीत, ग्लो जिथं विरत जातो तिथं मागची पांढरी डोकावते. ग्लो काढा नाहीतर तो बारीक ठिपक्यांत बदलून घ्या, प्रत्येक ठिपका पूर्ण भरीव. मागचं काळं मुळातून काढून पारदर्शक पीएनजी करा आणि वाघाच्या अंगातलं काळंही शक्य तिथं काढा, शर्टचाच काळा दिसू दे. हे नुसतं दिसण्यासाठी सांगत नाहीये, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि छातीभर प्लास्टिकचा थर असला की घाम जिरत नाही, तो शर्ट कुणी दुसऱ्यांदा घालत नाही. एआयचं चित्र बहुतेक वेळा हजार-दीड हजार पिक्सलचंच असतं, वरच्या ३०० च्या हिशोबानं मोजा. त्यात मराठी अक्षरं काढून घेऊ नका, ती वेगळी टाइप करा.

आणि ज्यांनी परदेशी बुटांच्या कंपनीचा लोगो छापून विकायचं विचारलंय त्यांना स्पष्ट सांगते, ते करू नका. तो ट्रेडमार्क आहे, विकणाऱ्यासोबत छापणाराही अडकतो.

प्रश्न: आम्ही पुण्यात असतो, मूळ साखर पेठेतले. आजोबा मागावर होते. त्यांच्या पंच्याहत्तरीला सोलापुरी चादरीवर त्यांचं नाव आणि फोटो विणून घ्यायचाय, एकच नग. फाइल कशी करायची?

वाचून खूप बरं वाटलं. चादर जकार्डवर विणली जाते, म्हणजे डिझाइनच्या प्रत्येक चौकोनामागं हा ताण्याचा (उभा) धागा उचलायचा का नाही एवढंच ठरलेलं असतं. पूर्वी ते आलेख कागदावर काढून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडत, तुमच्या आजोबांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल, आता इलेक्ट्रॉनिक जकार्डला फाइलच देतात. इथं डीपीआय नाही, रुंदीत किती चौकोन हे माग ठरवतो, म्हणून विणणाऱ्याकडून आधी तो आकडा घ्या. इंचात ताणा किती आणि बाणा (आडवा धागा) किती हे सारखं नसतं, त्यामुळं स्क्रीनवर गोल काढलेला चेहरा कापडावर लांबट किंवा चपटा येतो, ते प्रमाण फाइलमध्येच साधावं लागतं. रंग मोजके, आणि दुहेरी विणीत मागच्या बाजूला रंग अदलाबदल होऊन अक्षरं उलटी दिसतात, ती चूक नसते.

फोटोचं मात्र प्रामाणिकपणे सांगते, चादरीच्या जाड सुतात चेहऱ्याच्या छटा येत नाहीत, पायऱ्या पायऱ्या दिसतात. फोटोवरून दोन रंगांत रेखाचित्र काढून घ्या, पागोटं, चष्मा, मिशी अशा ओळखीच्या रेघा ठेवून. नाव मोठं, जाड अक्षरात. एकाच नगासाठी बहुतेक जण माग लावत नाहीत कारण ताणा आणि डिझाइन बसवायचा खर्च एका चादरीवर पडतो. भावकीत मिळून काही नग होत असतील तर विचारा. नाहीच जमलं तर साधी काठाची सोलापुरी चादर घेऊन कोपऱ्यात नाव भरून घ्या. साध्या कापडावर फोटो छापून त्याला सोलापुरी चादर म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका, आजोबा हात लावताच ओळखतील.

प्रश्न: पंचिंगचे पैसे आम्ही दिले पण दुकानदार फाइल देत नाही, म्हणतो ऑर्डर माझ्याकडंच द्या. (दोन वाचक, नवी पेठ आणि कुंभारी)

हे पैसे द्यायच्या आधी ठरवायचं असतं. काही जण पंचिंगचा दर कमी लावतात आणि फाइल स्वतःकडं ठेवतात, काही पूर्ण दर घेऊन फाइल देतात, दोन्ही पद्धती चालू आहेत. बिलावर 'डीएसटी आणि ओपन फाइल ग्राहकाला देणे' असं लिहून घ्या (ओपन फाइल म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल), स्क्रीन प्रिंटचं असेल तर कर्व्ह केलेली सीडीआर आणि पीडीएफ. आता अडकलाच असाल तर त्यांना फरकाचे पैसे विचारा, तरी नाही दिली तर लोगोची व्हेक्टर फाइल तुमचीच आहे, ती घेऊन दुसरीकडं नवीन पंचिंग करा. फाइल मिळाली की मंडळाच्या किंवा शाळेच्या ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा, कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये नको, दरवर्षी कार्यकारिणी बदलते.

चादरीच्या काठावर जरी भरण्याबद्दल आणि टोपीवर उठावाची अक्षरं करण्याबद्दल जे प्रश्न आलेत ते पुढच्या अंकात घेते. त्यासोबत तुमच्या कापडाचा फोटो पाठवला असेल तर डॉक्युमेंट म्हणून परत एकदा पाठवा, आलेले बरेचसे दाबले गेलेत आणि वीण दिसत नाहीये.